लग्नाचा जमाखर्च

आमच्या सातारच्या घराच्या माडीवर एक खोली आहे. तिला खोली म्हणावयाचें तें चार भिंती आणि एक दार आहे म्हणून. एरवीं गेलीं साठएक वर्षें लोणच्याच्या बरण्या, मोडका पाळणा, गणपतीचें मखर आणि किल्ल्या हरवलेल्या ट्रंका यांचीच तेथें वहिवाट आहे. गेल्या पौषांत ती रिकामी करण्याचा घाट आम्हीं घातला. कारण पुढें येईलच. त्या उचकाउचकींत एका ट्रंकेच्या तळाशीं, जुन्या पंचांगाच्या पानांत घडी घालून ठेवलेला, कुंकवाचीं बोटें उमटलेला एक कागद हातीं आला. आमच्या आत्याच्या लग्नाची ती यादी होती. साल १९५७.

याद्या करणें म्हणजे काय, हें आमच्या प्रौढ वाचकांस सांगावयास नको. तरुणांसाठीं एवढेंच सांगतों कीं, लग्न ठरलें म्हणजे दोन्ही पक्षांचीं वडील माणसें बैठकीस बसत, देण्याघेण्याचें एकेक कलम बोलून ठरवीत, कोणी सुवाच्य अक्षराचा गृहस्थ तें लिहून घेई, आणि खालीं सह्या होऊन कागदास कुंकू लागे. आमच्या हातांतील कागदावर डाव्या बाजूस आजोबांच्या वळणदार अक्षरांत लिहिलें होतें : रोख हुंडा रुपये १५०१, सोनें पांच तोळे, वरास पोशाख व घड्याळ, वरमाईस जरीकांठी लुगडें, विहिणींची पंगत निराळी, वऱ्हाडाचें चिपळूणपासून जाण्यायेण्याचें भाडें. उजवी बाजू आंखूड होती. तींत शालू, मंगळसूत्र आणि पाटल्या. एक कलम खोडलेलें : शिवणयंत्र. त्याच्यापुढें दुसऱ्या कोणाच्या तरी हातचें, 'मागाहून पाहूं.' हुंडाप्रतिबंधाचा कायदा १९६१ सालीं झाला. तेव्हां त्या वेळेपुरतें त्या कागदांत बेकायदेशीर असें कांहीं नव्हतें. लाजिरवाणेंही कोणास कांहीं वाटलें नसावें. नाहीं तर आजोबांनीं तो इतका जपून ठेविला नसता.

कागद वाचतां वाचतां आम्हांस दिवाळींतील एक संध्याकाळ आठवली. आमची पुतणी पुण्यास संगणकाच्या एका कचेरींत नोकरीस आहे. वय एकोणतीस. दादांनीं व वहिनींनीं तिचें नांव एका विवाहमंडळाच्या संकेतस्थळावर नोंदविलें आहे. (स्थळें पाहण्यासाठीं संकेतस्थळ! भाषेला अशा कोट्या आपोआप सुचतात.) शेंकड्यांनीं आलेल्या स्थळांतून गाळतां गाळतां दोन उरलीं होतीं, आणि फराळाचें ताट बाजूस सारून तिनें आमच्यापुढें एक कोष्टक ठेविलें. शिक्षण, पगार, स्वतःचें घर, उंची, व्यसन, घरच्या माणसांचा स्वभाव, स्वयंपाक येतो कीं नाहीं, आणि शेवटीं 'ऐकून घेतो का'. प्रत्येक बाबतींत दहांपैकीं गुण. प्रत्येक रकान्यास त्याच्या महत्त्वाप्रमाणें वजन. पहिल्या मुलाची सरासरी शंभरांपैकीं ७१, दुसऱ्याची ६८.

"काका, तुम्ही अर्थशास्त्र शिकवीत होतां ना? तेवढा हिशेब तपासून द्या."

हिशेबांत चूक नव्हती. पण तिच्या यंत्रांत त्याच कोष्टकाच्या मागल्या आवृत्त्याही होत्या, आणि आमची मास्तरकीची खोड जात नसल्यामुळें त्या आम्हीं उघडून पाहिल्या. पहिल्या आवृत्तींत दोघांत नऊ गुणांचें अंतर होतें. दुसऱ्या खेपेस 'ऐकून घेतो का' या रकान्याचें वजन दुप्पट झालें होतें, तिसऱ्या खेपेस तिप्पट. पोरगी दुसऱ्यास दोर लावून वर ओढीत होती, आणि तो बापडा अजून तीन गुण खालींच लोंबत होता! आम्ही हंसलों. तीही हंसली, पण तिचें हंसणें लवकर थांबलें.

"आईबाबा पहिल्यावर खूष आहेत," ती म्हणाली. "त्यांना सांगायला माझ्यापाशीं कांहीं तरी आंकडा नको का?"

माणसांच्या परस्परांशीं वागण्यास देवघेवीच्या मापानें मोजण्याचा हा प्रकार पाश्चात्य समाजशास्त्रांत सामाजिक विनिमयाचा सिद्धान्त म्हणून ओळखला जातो. हार्वर्ड विद्यापीठाचे जॉर्ज होमन्स यांनीं १९५८ सालीं एका निबंधांत त्याची मांडणी केली. माणसें एकमेकांस केवळ वस्तू देतात असें नव्हे. मान, शाबासकी, सोबत, धीर हींही देतात, आणि त्यांत जें खर्चीं पडतें त्याच्याशीं जें हातीं येतें तें ताडून पाहतात, असा त्याचा थोडक्यांत आशय. प्रीतीच्या संबंधांत ही भाषा ऐकून नाकें मुरडणारे पुष्कळ निघतात. ज्यांच्या घरच्या ट्रंकांत असल्या याद्या आहेत त्यांनीं तरी तीं मुरडूं नयेत, असें आमचें मत आहे.

उलट या पंडितांचें लिखाण वाचतांना पुष्कळदां आपल्याच बैठकीचा वृत्तान्त वाचीत आहों असा भास होतो. विलार्ड वॉलर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९३८ सालच्या आपल्या कुटुंबविषयक ग्रंथांत म्हटलें आहे कीं, दोघांपैकीं ज्यास त्या संबंधाची गरज कमी, त्याच्या हातीं सत्ता जाते. आमच्याकडील वरमाय हें ग्रंथावांचून जाणून होती. मुलगी पाहून गेल्यावर महिना महिना निरोप न पाठविणें हा त्याच तत्त्वाचा प्रयोग होता. मिनेसोटा विद्यापीठांतील प्रयोग याहून मौजेचा. एलेन वॉल्स्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नव्या विद्यार्थ्यांसाठीं नृत्याचा कार्यक्रम ठेविला. गणकयंत्र तुम्हांस अनुरूप जोडीदार काढून देईल असें सांगितलें, आणि प्रत्यक्षांत चिठ्ठ्या टाकाव्या तशा जोड्या लावून दिल्या. पथ्य पाळलें तें एकच : मुलगा मुलीहून ठेंगणा नसावा. (मिनेसोटा काय आणि सातारा काय!) ज्याला त्याला आपल्या तोलामोलाचें माणूस आवडेल, अशी संशोधकांची अपेक्षा होती. १९६६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांत बुद्धीचा व स्वभावाचा मेळ कोठेंच बसला नाहीं; कोण कोणास आवडलें याचा धागा लागला तो फक्त रूपाशीं. एका संध्याकाळच्या ओळखींत दुसरें काय दिसणार? आमचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम तर अर्ध्या तासांत आटपतो.

आपल्या देशांतील दाखला हवा असेल तर तो बंगालचा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे दोन सहकारी यांनीं एका बंगाली वर्तमानपत्रांत विवाहाच्या जाहिराती देणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करून २०१३ सालीं तो प्रसिद्ध केला. आलेल्या पत्रांपैकीं कोणतीं विचारांत घेतलीं व कोणतीं बाजूस टाकलीं, यावरून त्यांनीं एकेका गुणाची जणूं बाजारांतील किंमत काढली. स्वजातीबाहेर जावें लागूं नये म्हणून मुलीकडचीं माणसें निरक्षर वर आणि एम्. ए. झालेला वर यांमधील सारें अंतर सोडून द्यावयास तयार होतील, इतकी जातीची किंमत त्यांत निघाली.

पुतणीच्या कोष्टकांत जातीचा रकाना नव्हता. आम्हीं तें दाखवितांच ती जराशा अभिमानानें म्हणाली, "मी मानीतच नाहीं." मग त्या शेंकडों स्थळांत परजातीचीं किती होतीं, असें आम्हीं विचारलें. ती गप्प झाली. तिच्या हातीं चाळण येण्यापूर्वींच दादांनीं एकवार चाळून ठेविलें होतें. जो रकाना कोष्टकांत नाहीं त्याचेंच वजन सर्वांहून अधिक! हा विषय आम्हीं तेथेंच सोडला. दिवाळीचे दिवस होते, आणि दादा शेजारच्याच खोलींत होते.

परंतु या शास्त्रांत आम्हांस जें सर्वांत मोलाचें वाटतें, त्याचा वरांच्या गुणांशीं फारसा संबंध नाहीं. जॉन थिबो आणि हॅरॉल्ड केली या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं १९५९ सालच्या आपल्या ग्रंथांत दोन निरनिराळीं मापें सांगितलीं आहेत. आपल्या वांट्यास काय यावें, याविषयीं माणसाच्या मनांत स्वतःच्या व शेजारपाजारच्या अनुभवानें एक अपेक्षा बनलेली असते. मिळतें तें तिच्याहून अधिक असेल तर माणूस समाधानी, कमी असेल तर असमाधानी. हें पहिलें माप. दुसरें माप दाराबाहेरचें. हा संबंध सोडला तर दुसरीकडे काय मिळेल? तेथें याहून वाईट असेल, किंवा कांहींच नसेल, तर माणूस असमाधानी असूनही आहे तेथेंच राहतें. सुख एका मापानें मोजावयाचें, टिकाव दुसऱ्या मापानें. वाचतांना हें अगदीं साधें वाटतें. आम्हीं तें वर्गांत अनेक वर्षें फळ्यावर दोन रेघा काढून शिकविलें, आणि आमच्या आत्याशीं त्याचा कांहीं संबंध असेल असें एकदांही मनांत आलें नाहीं.

१९६३ सालीं गौरींसाठीं माहेरीं आलेली आत्या परत जावयाचें नांव काढीना. आम्ही त्या वेळीं अकरा वर्षांचे होतों. मोठ्या माणसांचें बोलणें आम्हीं जिन्याखालून ऐकलें. तिचे यजमान तिला मारीत नसत, व्यसनी नव्हते, चांगल्या नोकरींत होते. ते तिच्याशीं बोलत नसत. एखाद्या दिवशीं रागावून अबोला धरावा तसें नव्हे, महिनेच्या महिने. काय हवें तें सासूच्या तोंडून सांगावयाचें, ताटावर बसावयाचें, उठावयाचें. सहा वर्षें. घरांत कोणास हें कारण म्हणून पटेना. "बोलत नाहीं म्हणजे काय? कमावून आणतो ना?" असें कोणी तरी म्हणालें. आजी आधीं रडली आणि मग म्हणाली, "ठेवायची कुठें तिला? माडीवरची खोली तरी रिकामी आहे का?" आजोबांनीं शेवट केला. मुलगी दिली ती दिली. दान परत घेतां येत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तिची ट्रंक स्टँडवर नेण्यास आम्हांस सांगण्यांत आलें. ट्रंक लहानशी होती. सहा वर्षांच्या संसाराची मानली तर फारच हलकी. चिपळूणच्या गाडींत खिडकीशीं बसल्यावर तिनें आमच्या हातावर चार आणे ठेविले. त्यांचें आम्हीं काय केलें तें आज आठवत नाहीं.

हिंदु विवाहाच्या १९५५ सालच्या कायद्यानें घटस्फोटाचें दार आठ वर्षांपूर्वींच उघडलें होतें. पण कायदा दार उघडतो. पलीकडे उतरावयास पायरी लागते, आणि ती पायरी म्हणजे आमची माडीवरची खोली. शिवणयंत्र यादींतून खोडलें गेलें नसतें तर तीही एक पायरी झाली असती, असें तो कागद हातांत धरून आम्हांस वाटलें. वडिलार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मुलीस देशभर मिळाला तो २००५ सालच्या दुरुस्तीनें. तोंपर्यंत आत्या एकोणसत्तर वर्षांची झाली होती.

२००७ सालीं त्या दोघांच्या लग्नास पन्नास वर्षें झालीं. चिपळुणास समारंभ झाला आणि भाषण करण्याचा मान घरांतील प्राध्यापक म्हणून आमच्याकडे आला. आदर्श दांपत्य, एकनिष्ठा, हल्लींच्या तरुणांनीं घ्यावयाचा धडा, इत्यादि सर्व कांहीं त्यांत होतें. पन्नास वर्षांत या घरांतून भांडणाचा आवाज बाहेर आला नाहीं, या वाक्यास टाळ्या पडल्या. मागाहून आम्ही पाणी पिण्यास स्वयंपाकघरांत गेलों तों आत्या एकटीच पाटावर बसली होती. आमच्याकडे न पाहतां ती म्हणाली, "भांडायला आधीं बोलावं लागतं रे." पुढें २०११ सालीं ती वारली.

जुनीं लग्नें टिकत, असें आपण वारंवार म्हणतों. आम्हीही म्हणत आलों. तीं कोणत्या मापानें टिकत, हें विचारावयाचें राहून जातें. पुष्कळ घरांतून खरोखरच सुखाचे संसार झाले. आमच्या आईवडिलांचा तसा होता. पण बाहेरून दोन्ही सारखेच दिसत, कारण दाराबाहेर दोघींसही कांहीं नव्हतें. आणि हेंही ध्यानांत येतें कीं, विनिमयाच्या सिद्धान्तांत देणारे-घेणारे ते दोघे स्वतः असतात. आमच्या यादीवर सह्या होत्या त्या दोन बापांच्या. देवलांची 'शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आली, तींत पैसा उलट दिशेनें, वराकडून मुलीच्या बापाकडे जातो. परंतु मुलीस विचारावयाचें नाहीं, एवढें दोहींकडे सारखेंच. आमच्या स्मृतिकारांनीं आर्ष विवाहांतील गायबैलाच्या जोडीससुद्धां मुलीचें मूल्य म्हणूं देण्यास हरकत घेतली आहे. मूल्य थोडें असो कीं फार, विक्रय तो विक्रयच, असा त्यांचा रोख. ही सावधगिरी थोर खरी. तथापि आमच्या घरीं तिचा उपयोग कसा झाला पाहा. याद्यांच्या दिवशीं तो व्यवहार होता, तेव्हां एकेका लुगड्याचा कीस पडला. मांडवांत त्याचें दान झालें. व्यवहार राहिला असता तर तो मोडतां आला असता, निदान तक्रार तरी सांगतां आली असती. दान म्हटल्यावर तोंड बंद झालें.

थिबो आणि केली यांच्या दोन मापांत कॅरिल रस्बुल्ट या विदुषीनें पुढें, १९८० च्या सुमारास, तिसरें एक घातलें : संबंधांत आजवर जें ओतलें आणि जें उठून जातांना बरोबर नेतां येत नाहीं, तेंही माणसास धरून ठेवितें. आत्यानें पुढील काळांत दोन मुलें वाढविलीं, सासूचें दुखणें काढलें, परसांत आठ नारळ लावले. साठाव्या वर्षीं कोणी दार उघडून दिलें असतें तरी ती आली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

पौषांत पुतणी दोन दिवस घरीं आली होती, तेव्हां ती यादी आम्हीं तिला दाखविली आणि हें सारें सांगितलें. तिनें कागद पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे हिशेब करूंच नये का?"

करावा, असें आम्हीं सांगितलें. ज्याचा हिशेब मुलीनें करावयाचा नसतो, त्याचा तो दुसरें कोणी तरी तिच्यासाठीं करून टाकितो. मात्र लग्नानंतर हेंच कोष्टक भिंतीस लावून ठेवूं नये. मार्गारेट क्लार्क व जडसन मिल्स यांनीं १९७९ सालीं दाखविलें आहे कीं, ज्याच्याशीं जवळीक व्हावी असें वाटतें, त्यानें केलेल्या उपकाराची तत्काळ व तंतोतंत फेड केली तर माया वाढण्याऐवजीं कमी होते. आपल्या बायकांस हें वाटीवरून ठाऊक आहे. शेजारणीची वाटी रिकामी परत करूं नये. पण तिनें आमटी दिली म्हणून घटकाभरानें तेवढीच आमटीही पाठवूं नये! चार दिवस वाटी फडताळांत राहावी, मग तींतून आवळ्याचा मुरंबा जावा. कोणाचें कोणाकडे किती निघतें हें दोघींसही नक्की सांगतां येऊं नये, त्यांतच तें शेजारपण. ही उपपत्ति आम्हीं मोठ्या उत्साहानें आमच्या कुटुंबासही ऐकविली. "मी तुम्हांला किती गुण दिले असते तें विचारूं नका," एवढेंच उत्तर मिळालें.

आतां दाराबाहेरचें माप पुतणीच्या पिढीस उलट्या बाजूनें छळतें, हेंही आम्हांस दिसतें. तिच्या खिशांतील यंत्रांत रोज सकाळीं नवीं दहा स्थळें उगवतात. हातच्याहून अकरावें बरें निघेल काय, या शंकेला अंत नाहीं. आत्यास बाहेर कांहींच नव्हतें, हिला बाहेर फार आहे. दोहोंत वाईट कोणतें, हें विचारलें तर आमचें उत्तर तयार आहे. पण तें पुतणीस रात्रीं झोंप लागावयास उपयोगाचें नाहीं.

"त्या दुसऱ्या मुलाला 'ऐकून घेतो का' यांत किती दिले आहेस?" आम्हीं विचारलें.

"नऊ."

"आणि पहिल्याला?"

"चार. तो वाईट नाहीं हो, काका. पण मी बोलायला लागलें कीं तो माझें वाक्य पुरें करतो. आणि चुकीचें पुरें करतो."

दादांस काय सांगावयाचें तें तिचें तिनें सांगावयाचें आहे. आंकड्याशिवाय सांगितलेंस तरी आम्ही शेजारीं बसूं, एवढें वचन आम्हीं दिलें. ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"काका, तेव्हां माडीवरची खोली खरंच भरलेली होती?"

"होती," आम्ही म्हणालों. "बरण्या होत्या."

ती गेल्यावर आम्हीं जी आंवराआंवर चालविली होती, तिचें कारण अद्याप वहिनींस सांगितलेलें नव्हतें. ट्रंका खालीं आल्या, मखर पडवींत गेलें, पाळणा सुताराकडे गेला. चौथ्या दिवशीं वहिनी वर आल्या आणि मोकळ्या जमिनीकडे पाहून त्यांनीं विचारलें, "कोणी राहायला येणार आहे का?" सध्यां कोणी येणार नाहीं, दाराला नवें कुलूप घेतलें आहे आणि त्याची एक किल्ली लग्नाआधीं पुतणीच्या हातीं द्यावयाची आहे, मग तें लग्न कोणाशींही ठरो, असें आम्हीं सांगितलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं पदर खोंचला आणि कोपऱ्यांतील सर्वांत मोठी बरणी स्वतः उचलून जिन्यानें खालीं नेली.

आतां त्या सोळा बरण्या ठेवावयाच्या कोठें, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाहीं.